नव्वद मीटर

क्र. ३१. डेपो, सुटते १२:५०. धक्का, पोहोचते ५:०६. नदीपलीकडे जाणारी शेवटची लाँच, सुटते ५:१०.

*

"अहो पिशवी तोंडाशी धरा! तोंडाशी! माझ्या बुटांशी नाही!"

*

काचेच्या कपाटात एक्केचाळीस दगड. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी, बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात. दर रविवारी सगळ्यांवरून ओलं फडकं.

*

महोदय, आपण दिलेली चार मिनिटे अपुरी आहेत. कृपया एकदा स्वतः येऊन पाहावे.

*

"आता त्यांना 'हे' म्हणायचं की 'ते'?"

"'तो' म्हणा," टायपिस्ट कीबोर्डवरून नजर न काढता म्हणाली.

*

आजचा उशीर: सहा मिनिटे. कारण: दोर अडकला.

*

यातलं दोराचं सोडून बाकी सगळं बाईला माहीत होतं.

बाई बस डेपोच्या वेळापत्रक विभागात सत्तावीस वर्षं नोकरीला. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहणार, ड्रायव्हरला चहाला किती आणि लघवीला किती, हे ती दुसऱ्या मजल्यावरच्या टेबलाशी बसून ठरवायची. संगणक आला तरी नवं वेळापत्रक आधी पेन्सिलीनं आखायची. नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचं, वेगाने भागायचं, वर थोडी सवड ठेवायची. सवड ठेवण्यात तिचा हात जरा आखडता. खालच्या मजल्यावर ड्रायव्हर-कंडक्टर तिला मिनिटबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

आणि मिनिटबाईला गाडी लागायची.

लग्नानंतर चौथ्या दिवशी नवराबायको फिरायला निघाले होते. पहिल्या तासातच तिने नवऱ्याच्या कोऱ्या पँटवर ओकून ठेवलं. नवरा चांगला वागला. पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला, पुढच्या गावी उतरून तिला परत घेऊन आला. घरी म्हणाला, "हिला गाडी लागते." ते वाक्य मग एकोणतीस वर्षं त्या घरात राहिलं. घराला सवयच झाली त्याची. ती ऑफिसला चालत जायची, बाजाराला चालत जायची, आणि ज्या घरी चालत जाता येत नाही त्या घरच्या लग्नाला आहेर पाठवायची.

नवरा भूगोलाचा मास्तर. शाळेच्या सहली नेता नेता त्याला हिंडायची चटक लागली, मग सुट्टी लागली की तो एकटाच जायचा. कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या पासावर. त्या पासाला दोन पानं होती. नवऱ्याच्या फोटोचं पान हाताळून हाताळून मऊ झालं होतं, घडीवर फाटलं होतं. तिच्या फोटोचं पान पहिल्या दिवशीइतकं कडक.

जिथे जाईल तिथून तो तिच्यासाठी एक दगड आणायचा. प्रेमानेच आणायचा. खाली चिठ्ठी लिहून ठेवायचा: कुठला, कधीचा.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी, जेवून हात धुताना तो म्हणाला, "उरलेली वर्षं मला हिंडायचंय. तुला घेऊन हिंडता येत नाही, आणि तुला मागे ठेवून हिंडलो की दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे सुटं होऊ या."

भांडण झालं नाही. दोघांच्या संमतीने झालं. बाई टायपिस्टला म्हणाली, "दुसरी बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. नकाशाच्या काय उपटायच्या?"

*

धाकटा भाऊ मोजपट्टी घेऊनच आला.

"कपाट सव्वाचार फूट," तो म्हणाला. "बसतंय. मागच्या खोलीत पलंग, कपाट, एक खुर्ची. खिडकी नाहीये, पण दार उघडं ठेवलं की वारा येतो."

"मी कुठे येतेय म्हणाले?"

"ताई, इथे एकटी काय करणार आहेस? तुझ्या भावजयीने परवाच खोली पुसून ठेवलीय."

"चांगली आहे ती. म्हणून तर यायचं नाही. आले की मी तुमच्याकडची दुखणाईत होणार. 'हळू बोला, ताई झोपल्यात.' 'सहलीला नको जाऊ या, ताईंना गाडी लागते.'"

"लागतेच की."

"लागते."

भावाने मोजपट्टी सर्रकन आत ओढली. "लहानपणी कुठे लागायची गं? मामाकडे जाताना पाच तास गात बसायचीस. कंडक्टर हात जोडायचा, पोरी गप बस म्हणून."

"लहानपणी दगडसुद्धा पचतात."

ती उठली, कपाटापाशी गेली, आणि काही तरी करायचं म्हणून एक दगड जरा सरकवला. मग वळली.

"महिनाभर थांब," ती म्हणाली. "साठलेली रजा टाकते. एकतीस नंबरनं शेवटच्या थांब्यापर्यंत एकटी गेले, तर मागची खोली नको. ज्या बाईला एकटं जाता येतं तिला एकटं राहताही येतं. नाही जमलं, तर ये टेम्पो घेऊन. चकार शब्द काढणार नाही."

"एकतीसच का? घाट आहे त्यात. कुठली तरी सरळ रस्त्याची घे."

"एकतीसबद्दल एक माणूस नऊ वर्षं पत्र पाठवतोय. चार मिनिटं कमी पडतात म्हणे. मी दर वर्षी एकच उत्तर पाठवते. नकाशानुसार अंतर नव्वद मीटर, चार मिनिटे पुरेशी आहेत."

"मग आहेत ना पुरेशी?"

"नव्वद मीटरला दीड मिनिट लागतं. मी अडीच वर दिलीयत." तिने फडकं झटकलं. "पण तो लिहितो, स्वतः येऊन पाहा. नऊ वर्षं माणूस तेच लिहितो म्हणजे एक तर वेडा असेल, नाही तर..."

"नाही तर?"

"चहा घेणार आहेस का?"

*

रजेची नोंद. वहीतली, पेन्सिलीनं आखलेली.

पहिला दिवस. थांबा १. उलटी. टपालपेटीमागे. घरी चालत.

दुसरा. थांबा १. उलटी नाही. उतरल्यावर झाली.

तिसरा. पाऊल उचललं नाही.

चौथा. थांबा २. शेजारच्या गृहस्थांचे बूट. क्षमा मागितली. ते म्हणाले बूट जुनेच होते. नव्हते.

पाचवा. थांबा २. कँटीनवाली म्हणते लिंबू हुंगायचं, खायचं नाही. खाल्लं.

सहावा. थांबा ४. बरी.

सातवा. थांबा ४. बरी. परत येतानाही गाडीनेच. घरी येऊन रडू. कारण माहीत नाही.

*

आठव्या दिवशीच्या कंडक्टरने तिची पिशवी, लिंबू आणि हिरवट चेहरा बघून कपाळाला हात लावला.

"आजी, मागे कशाला बसलात? तेही आतल्या बाजूला?"

"आजी नाही. सवय आहे आतल्या बाजूची."

"बरं, मावशी. पुढे या. ती खिडकी घ्या. काच सरकवा. आता हातातली वही ठेवा आत, आणि लांब बघा. जवळचं बघू नका, जवळचं पळतं. लांबचं पळत नाही."

ती लांब बघत बसली. एका गिरणीचं धुराडं होतं, बराच वेळ तिथेच होतं. सातव्या थांब्यापर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही की लिंबू पिशवीतच आहे.

थांबा ९. थांबा १२. एक दिवस वाईट गेला, थांबा ५, कारण शेजारी कुणी तरी मासळीची टोपली ठेवली होती. मग थांबा १५. तिथून पुढे घाट. घाटापलीकडे दुसऱ्या कुठल्याच गाड्या जात नाहीत, फक्त एकतीस, आणि तिचे ड्रायव्हर-कंडक्टर पलीकडच्या डेपोचे. बाई आजवर घाटाअलीकडे फिरणाऱ्या इतर गाड्यांनीच गेली होती, त्यामुळे तिला त्यांच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तिने मात्र त्यांचा प्रत्येक दिवस आखलेला होता.

*

रजेचा एकोणतिसावा दिवस. १२:५० ला गाडी सुटली. पुढची खिडकी.

कंडक्टरने नवा पास बघितला. एका पानाचा, एका फोटोचा. खाली विभागाचं नाव होतं. त्याने ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याने मिशीत हसून पास परत दिला आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काय रे, परवा त्या मिनिटबाईबद्दल काय म्हणत होतास?"

"तिचं नाव काढू नकोस. तोंडावर घाट आलाय."

"नाही, सांग की. या बाईंना पण ऐकू दे. वेळ जाईल."

ड्रायव्हरला तेवढंच हवं होतं. "बाई, तुम्हीच सांगा. हा घाट. सतरा वळणं. समोरून ट्रक आला की मागे घ्यावं लागतं. आणि ती बया याला देते किती? बारा मिनिटं! बारा मिनिटांत शेळीसुद्धा चढणार नाही हो. वर पोहोचलो की चार मिनिटं उशीर ठरलेला, मग ती चार मिनिटं भरून काढायला चहा नाही, लघवी नाही, पुढचा सगळा रस्ता पळ पळ पळ. एकदा या गाडीत बसवली पाहिजे तिला."

"बसवून काय करशील?" कंडक्टरने विचारलं.

"पहिल्या वळणाला नाही ओकली तर मिशी काढेन."

बाईने काच अजून थोडी सरकवली. पहिलं वळण आलं. पोटातलं सगळं वर आलं, गळ्यापाशी थांबलं. तिने समोरचा डोंगर नजरेने धरून ठेवला. डोंगराच्या माथ्यावर एक बोडकं झाड होतं. गाडी वळली, झाड वळलं नाही. दुसरं वळण. तिसऱ्याला समोरून ट्रक आला, गाडी मागे घेतली, आणि तिने घड्याळ बघितलं. बघू नको म्हणून सांगितलेलं असताना बघितलं. सवय ती. सतराव्या वळणानंतर पुन्हा बघितलं.

"सोळा," ती म्हणाली.

"काय?"

"सोळा मिनिटं लागली. तुमचं बरोबर आहे. आणि मिशी ठेवा."

कंडक्टर एवढ्या मोठ्याने हसला की मागे झोपलेली मंडळी जागी झाली. ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.  पुढच्या तिसऱ्या थांब्यावर तो गाडी उभी करून खाली उतरला, आणि दोन पेल्यांत चहा घेऊन आला.

*

५:०७. धक्का.

थांबा यायच्या आधीच लोक उठून उभे राहिले. सामान हातात, चपला नीट, एक पाय दाराकडे. दार उघडलं आणि सगळे पळत सुटले. खांद्यावर मूल घेतलेला एक माणूस, दोन पोती उचललेली एक धट्टीकट्टी बाई, गणवेशातल्या दोन नर्सा. काही अपघात झाला की काय म्हणून मिनिटबाईसुद्धा घाबरून उतरली.

"काय झालं हो?"

"लाँच!" कुणी तरी मागे न बघता ओरडलं.

ती चालू लागली. वीस पावलांवर जमीन संपली. पुढे नदी होती, नव्वद मीटरवर, बरोबर तेवढ्याच, पण खाली. खोल खाली. दगडात कोरलेल्या पायऱ्या, एकीची उंची दुसरीला न जुळणारी, मधल्या मधल्या पाण्याने गुळगुळीत झालेल्या. नकाशात डोंगर तपकिरी असतो, नदी निळी असते. उतार पट्टीला लागत नाही.

आणि तेव्हाच तिला तेविसावा दगड आठवला. काळा, चपटा, मधोमध पांढरी रेघ. चिठ्ठी: 'लाँचचा धक्का. पायऱ्यांच्या तळाशी.'

पायऱ्या. तिच्या घरात, तिच्या कपाटात, लिहून ठेवलेल्या होत्या. दर रविवारी तिने त्यांच्यावरून फडकं फिरवलं होतं.

सगळ्यात मागे एक म्हातारी राहिली होती, हातात काठी, काखेत बोचकं. बाई तिच्याजवळ गेली.

"बोचकं द्या माझ्याकडे."

"नको गं. तू पळ. तुझी चुकेल."

"मला पळायचं नाहीये. मला तुमच्याबरोबर चालायचंय. तुमच्या चालीनं."

"माझी चाल म्हणजे गोगलगाय बघ."

"तीच पाहिजे."

दोघी उतरू लागल्या. बाई तोंडाने पायऱ्या मोजत होती. म्हातारीला वाटलं देवाचं काही तरी म्हणतेय, म्हणून तीही पुटपुटू लागली. साठाव्या पायरीवर म्हातारी टेकली. नव्वदाव्या पायरीवर परत टेकली. "घाई नाही," ती म्हणाली, "त्याचा दोर अडकलेला असतो."

"कुणाचा?"

"लाँचवाल्याचा. देव त्याचं भलं करो, रोज अडकतो."

*

लाँचवाला साठीला आलेला, किडकिडीत. धक्क्यावरच्या लोखंडी खुंटापाशी वाकून तो दोराशी झटत होता. दोराचा एकच सैलसर वेढा होता. एका बोटाने निघाला असता.

"अडकला का?" बाईने विचारलं.

"काय सांगू बाई. भलताच अडकलाय." त्याने मान वर केली, पायऱ्या रिकाम्या झाल्याची खात्री केली, म्हातारीला हात देऊन आत घेतलं. दोर सुटला. ५:१८.

लाँच निघाल्यावर त्याने फळीवरची नोंदवही ओढली आणि लिहिलं: आजचा उशीर: आठ मिनिटे. कारण: दोर अडकला. वरच्या ओळीतही तेच होतं. त्याच्या वरच्या ओळीतही.

"तुमचं खातं विचारत नाही?"

"विचारतं की. सात मेमो आलेत. तीनदा दोर बदलून दिला. नवा दोर तर जास्तच अडकतो." तो हसला. "हे सगळे मग रात्रभर कुठे राहणार हो? या दोघी नर्सा नाही पोहोचल्या तर पलीकडच्या दवाखान्यातल्या दोघी घरी जाऊ शकत नाहीत."

"बसवाल्यांना कळवायचं."

"नऊ वर्षं कळवतोय. उत्तर येतं, नकाशानुसार अंतर नव्वद मीटर. पाठ झालंय. खाली कुणा बाईची सही असते. सही मात्र देखणी आहे हो तिची. शेवटचा फराटा असा उजवीकडे जातो, पक्षी उडाल्यासारखा."

बाईने पाण्याकडे बघितलं. पाणी हलत होतं, लाँच हलत होती. तिला काहीच होत नव्हतं.

"वही देता जरा?" ती म्हणाली. "पेन आहे माझ्याकडे."

त्याच्या ओळीखाली तिने सावकाश लिहिलं: दोर अडकलेला नव्हता. प्रत्यक्ष पाहिले. वृद्ध प्रवाशास गाडीपासून लाँचपर्यंत अकरा मिनिटे लागतात. चूक वेळापत्रकाची आहे. आणि सही केली.

लाँचवाल्याने वही डोळ्यांपासून लांब धरली. मग जवळ आणली.  म्हातारी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आता हा माणूस नऊ वर्षांचं सगळं बोलणार, म्हणून बाई ताठ बसली.

"पायऱ्या मोजल्यात?" त्याने विचारलं.

"एकशे बारा."

"एकशे चौदा. खालच्या दोन पाण्यात असतात." त्याने वही मिटली, बाहीने पुसली आणि फळीवर ठेवली. "पुढे येऊन बसा. तिथून दोन्ही काठ दिसतात."

*

फोन वाजला तेव्हा लाँच नदीच्या मध्यावर होती.

"ताई, उद्या तीस तारीख. टेम्पोवाला विचारतोय. सांगू का त्याला?"

लाँचवाल्याने भोंगा दिला.

"एवढा आवाज कसला?"

"लाँचचा."

"लाँचचा? तू लाँचजवळ काय करतेयस?"

"जवळ नाही. आत."

 पलीकडे मागून भावजयीचा आवाज आला, 'काय म्हणतायत?', आणि भावाचा, दबका, 'थांब गं.'

"बरी आहेस?" त्याने विचारलं.

"बरी."

"खरं सांग."

"गात नाहीये अजून. पण बरी."

"मग," भावाने घसा साफ केला, "मागच्या खोलीत पोरांच्या सायकली लावू?"

"लाव. दार उघडं ठेव, गंजतील."

*

सुधारित. क्र. ३१. डेपो, सुटते १२:३५. घाट, सोळा मिनिटे. धक्का, पोहोचते ४:५५. पलीकडे जाणारी शेवटची लाँच, सुटते ५:१०.

एका गाडीची पंधरा मिनिटं हलली की बाकीच्या गाड्यांनाही हलवावं लागतं. रजेवरून परतल्यावर तिला चौदा गाड्या नव्याने आखाव्या लागल्या. साहेब म्हणाले, एवढा खटाटोप एका म्हातारीसाठी? ती म्हणाली, साहेब, तुम्ही एकदा स्वतः जाऊन पाहा. खिडकी मी सांगते कुठली घ्यायची.

तेविसावा दगड आता तिच्या ऑफिसच्या टेबलावर असतो, नकाशाचा कोपरा उडू नये म्हणून. बाकीचे चाळीस कपाटात आहेत. त्यांतल्या नऊ गावी ती आजवर जाऊन आली. येताना दगड आणत नाही. थांब्यापासून चढ किती, सावली आहे का, म्हातारं माणूस कुठे टेकतं, ते वहीत लिहून आणते.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवसापासून लाँचच्या नोंदवहीत कारणाचा रकाना कोरा आहे.

लग्नानंतर चौथ्या दिवशी निघालेल्या त्या गाडीत खिडकीची जागा नवऱ्याने घेतली होती.